काही लोकच पुन्हा पुन्हा गुन्ह्याला बळी का पडतात?

नशीब हे अर्धंच उत्तर. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: गुन्हा करू पाहणारा, सोपं सावज आणि राखण करणारं कोणी नसणं. म्हणून वय, रात्रपाळी, एकटं राहणं, वस्ती, गरिबी या सगळ्यांचा संबंध येतो. (दोष मात्र गुन्हेगाराचाच.)

गंमत म्हणजे भीती बऱ्याचदा म्हाताऱ्यांना जास्त, पण रस्त्यावरच्या मारहाणीत सापडतात ते मुख्यतः तरुण पुरुष. बायकांना धोका बहुतेकदा ओळखीच्याच, घरातल्या माणसाकडून. तिथे ‘रात्री बाहेर पडू नका’ हा सल्ला काय कामाचा?

आणि घरफोडी झालेल्या घरात पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा चोरी होण्याची शक्यता वाढते. चोराला वाट माहीत झालेली असते. कुलूप लगेच बदला.