जीन रिपोर्ट नॉर्मल, मग नाडी ४६ कशी?

वडिलांच्या जीन टेस्टमध्ये सीवायपी२डी६ (औषधं मोडणारं लिव्हरमधलं एक एन्झाइम) नॉर्मल आलं तरी मेटोप्रोलॉल या बीपी-हृदयाच्या, नाडी मंद करणाऱ्या गोळीवर नाडी ४६ झाली म्हणून लॅबने घोळ घातला असं तुम्ही म्हणताय. लॅबला इतक्यात बोल लावू नका. तुम्हीच दिलेल्या यादीत खालून दुसरी गोळी बघा, पॅरॉक्सेटीन, डिप्रेशनची, दीड महिन्यापासून चालू. माझा संशय तिच्यावर.

मेटोप्रोलॉल लिव्हरमधे मुख्यतः याच सीवायपी२डी६ने मोडतं आणि पॅरॉक्सेटीन नेमकं तेच एन्झाइम जाम करतं, त्यामुळे जीन ठणठणीत असून गोळी रक्तात साचत जाते, डोस तोच पण परिणाम कितीतरी पट. याला फिनोकन्व्हर्जन म्हणतात. रिपोर्ट खोटा नाहीये, तो जन्मापासूनचं सांगतो, मधल्या काळात कुठली गोळी सुरू झाली ते त्याला काय माहीत! आणि गंमत बघा, ज्याच्यात हे एन्झाइम मुळातच चालत नाही त्याला पॅरॉक्सेटीनने इथे फारसा फरक पडत नाही, जाम करायला आहेच काय. दणका बसतो तो नॉर्मलवाल्यांना.

उलटंही होतं. कोडीन या वेदनाशामक गोळीचं अंगात मॉर्फिन हेच एन्झाइम करतं, ते अडलं की दुखणं थांबतच नाही. मी हॉस्पिटल फार्मसीत आहे, एक बाई सारखी कोडीन वाढवून मागायची, सगळ्यांना वाटलं सवय लागली, मी जुनी चिठ्ठी उलटून बघितली तर फ्लुओक्सेटीन, तीही डिप्रेशनची आणि हेच एन्झाइम अडवणारी, बंद करून जेमतेम दोन आठवडे झालेले. ते औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात रेंगाळतं. बिचारीचं दुखणं खरंच होतं.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेलचंही कोडीनसारखंच, फक्त तिला कामाला लावणारं एन्झाइम सीवायपी२सी१९ आणि अडवणारी ॲसिडिटीची ओमेप्राझोल, म्हणून बरेच डॉक्टर तिथे पँटोप्राझोल देतात.

आता तुमचं. दोन्हीतली कुठलीच गोळी मनाने बंद करू नका, मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर छातीत दुखणं उसळू शकतं आणि पॅरॉक्सेटीन सोडलं तर चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. आजच डॉक्टरांना फोन करा, जीन रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी दोन्ही एकत्र दाखवा. ते डोस कमी करतील किंवा त्याच जातीचं पण या एन्झाइमवर न अडणारं बिसोप्रोलॉलसारखं काही देतील. घेरी, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर फोनबिन सोडा, सरळ इमर्जन्सीत न्या.

आणि पुढे कधी पॅरॉक्सेटीन बंद झालं तर हृदयाच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण आत्ता कमी केलेला मेटोप्रोलॉलचा डोस तेव्हा अपुरा पडेल.