अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथला दोन दिवस जातोय, ग्लेनशीन मॅन्शनला तिकीट काढून जाण्यात अर्थ आहे का?

आहे, जाच. आम्ही मिनियापोलिसला राहतो, अडीच तासांवर, त्यामुळे भारतातून पाव्हणे आले की वरात डुलुथला निघतेच, माझं चार वेळा बघून झालंय. तिकीट काढताना नवरा दर वेळी तोंड वाकडं करतो आणि आत गेल्यावर तोच सगळ्यात मागे रेंगाळतो.

चेस्टर काँग्डन म्हणून एक वकील होता, त्याने मिनेसोटातल्याच मेसाबी भागातल्या लोखंडाच्या खाणींत आणि मग ॲरिझोनातल्या तांब्यात बक्कळ पैसा केला आणि १९०५ ते १९०८ मध्ये लेक सुपीरियरच्या अगदी काठावर हे ३९ खोल्यांचं घर बांधलं. खर्च साडेआठ लाख डॉलर, तेव्हाचे!

मला एरवी असले राजवाडे बघायचा कंटाळा येतो, रिकाम्या खोल्या आणि कुठून कुठून आणून मांडलेल्या खुर्च्या. इथे तसं नाही. घरच्यांनी १९६८ मध्ये घर मिनेसोटा युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं पण मुलगी एलिझाबेथ तिथेच राहत होती, त्यामुळे सामान बरंचसं मूळचंच, माणसं आत्ता बाहेर गेलीत आणि आपण आगाऊपणे आत शिरलोय असंच वाटतं.

ब्रेकफास्ट रूम चुकवू नका, हिरव्या टाइल्स आणि आतच छोटं कारंजं. आणि स्मोकिंग रूममधलं लाकूड नीट बघा, जॉन ब्रॅडस्ट्रीट नावाच्या मिनियापोलिसच्या डिझायनरचं काम आहे, सायप्रसचं लाकूड भाजायचं, मग घासून मऊ भाग काढून टाकायचा की कडक रेषा वर उठून येतात, ही जपानी पद्धत त्याने उचलली. हात फिरवावासा वाटतो, पण गाइडचं लक्ष असतं 😀

गूगल केलंत की आधी खुनाचंच दिसेल. जून १९७७ मध्ये एलिझाबेथ, वय ८३, आणि रात्रपाळीची नर्स, दोघींचा याच घरात खून झाला. बरेच लोक त्यासाठीच येतात आणि टूरमध्ये सारखे तेच विचारत बसतात, म्हातारी कुठल्या खोलीत वगैरे, मला ते कसंतरीच वाटतं.

टूर झाली की लगेच गाडीत बसू नका, बाग उतरून खाली दगडी बोटहाऊसपर्यंत जा. समोर पाणीच पाणी, लाटाही येतात, आमच्या सासूबाई तर समुद्रच समजून चालल्या होत्या, शेवटी ओंजळभर पाणी चाखून म्हणाल्या "अगं, गोडं आहे की!" नशीब असेल तर खनिजाचं लांबलचक जहाज जाताना दिसेल, काँग्डनचा पैसा याच पाण्यावरून गेला.

आणि जॅकेट घ्या. मे महिना असला तरी घ्या, आम्ही नव्हतं घेतलं.