एफडी दर वर्षी हप्ता मागत नाही

वाचक भगिनीचं पत्र (थोडक्यात, नाव-गाव वगळून): मी कुडाळजवळच्या एका गावात राहते, वय 34. चार वर्षांपासून घरून कोकणी मेवा विकते. कोकम आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस), आमसुलं, आंबापोळी, काजूगर, मालवणी मसाला. ऑर्डरी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर येतात, महिन्याला साठेक. जास्त मुंबई-पुण्याच्या, थोड्या गोवा आणि बेंगळुरूच्या. मिस्टर 38 वर्षांचे आहेत, त्यांचा स्वतःचा मालवाहू टेम्पो आहे. घरी दोन मुलं आणि सासूबाई. गेल्या मे महिन्यात सासूबाई कोकमं फोडतानाची माझी रील तीन लाख वेळा पाहिली गेली आणि 19 ऑर्डरी आल्या. त्यानंतर एका एजन्सीचा फोन आला. सहा महिने, महिन्याला 12 रील, दोन यूट्यूब व्हिडिओ आणि 50 हजार फॉलोअर्सची हमी, सगळं मिळून 1 लाख 80 हजार अधिक जीएसटी. फी यूट्यूबच्या कमाईतूनच वसूल होईल असं ते म्हणतात. नमुना म्हणून 'कोकमाने महिन्यात वजन घटवा' अशी रील त्यांनी पाठवली आहे. महामार्गात गेलेल्या जागेचे साडेतीन लाख मिळाले होते, त्याची बँकेत एफडी केली आहे. दर एप्रिलमध्ये 1 लाख भरतो. तीन वर्षं भरले, सात राहिली, पंधराव्या वर्षी साडेसोळा लाख मिळणार. या वर्षीचा हप्ता अर्धा भरपाईतल्या उरलेल्या पैशांतून आणि अर्धा धंद्यातून जमवून ठेवला आहे. एफडी मध्येच मोडता येत नाही असं बँकेतले साहेब म्हणाले. मग बांगड्या तारण ठेवून पॅकेज घ्यावं का? तशाही त्या दर मेमध्ये कोकम-काजूच्या खरेदीसाठी 10-11 टक्क्यांनी बँकेत जातात आणि दिवाळीनंतर सुटतात.

ताई, पॅकेज घेऊ नका. का ते पुढे लिहिते. पण तुमच्या पत्रात जी गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत, ती या पॅकेजपेक्षा कितीतरी महाग आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते.

एफडी दर वर्षी हप्ता मागत नाही. एफडीत पैसे एकदाच ठेवायचे असतात. ठरावीक रक्कम दर महिन्याला भरायची असेल तर ती आरडी. दहा वर्षं दर एप्रिलमध्ये लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षी एकरकमी घ्यायचे, ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. कपाटातला कागद काढून बघा. त्यावर पॉलिसी क्रमांक असेल, विमा कंपनीचं नाव असेल, विमा रक्कम बहुधा 10 लाख लिहिलेली असेल. पासबुकातल्या एप्रिलच्या नोंदीतही कंपनीचंच नाव सापडेल. बँका विमा कंपन्यांच्या एजंट म्हणून अशा पॉलिसी विकतात आणि त्यावर कमिशन घेतात. ते कायदेशीर आहे. पण जागेची भरपाई घेऊन आलेल्या माणसाला 'एफडी' म्हणून पॉलिसी विकणं ही फसवणूक आहे, आणि मला याची चीड येते. कोकणात महामार्गाच्या भरपाईचे पैसे ज्या घरांत आले, त्यांतल्या कितीतरी घरांना असे पैसे हाताळायची ती पहिलीच वेळ होती. अशा वेळी काउंटरपलीकडच्या माणसावर विश्वास टाकला, यात तुमची चूक नाही.

आता हिशोब. दहा वर्षांत दहा लाख भरायचे, पंधराव्या वर्षी साडेसोळा मिळणार. आकडा मोठा दिसतो, पण वर्षाचा परतावा काढला तर तो 5 टक्क्यांच्या आतच येतो. तेच पैसे त्याच पद्धतीने पोस्टातल्या पीपीएफमध्ये भरले असते, तर आजच्या 7.1 टक्के दराने पंधराव्या वर्षी 21 लाखांच्या आसपास झाले असते. त्याहून वाईट म्हणजे, साडेतीन लाख हातात असलेल्या घराच्या गळ्यात साहेबांनी दहा लाखांचा वायदा बांधला. उरलेले सात हप्ते कुठून येणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं का?

ते तुमच्या धंद्यातून येणार, असं तुम्ही धरून चालला आहात. म्हणून धंद्याचाही हिशोब करू. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून सरासरी ऑर्डर 600 रुपयांची आहे, कुरिअर धरून. माल, बाटली, लेबल मिळून 320. खोका आणि बबल रॅप 40. कुरिअर 110. राहिले 130. त्यातून कॅश ऑन डिलिव्हरीची परत आलेली पार्सलं (त्यांचं जाण्याचं आणि येण्याचं भाडं दोन्ही तुमच्या माथी) आणि फुटलेल्या बाटल्या वजा केल्या, तर ऑर्डरमागे शंभर रुपये सुटतात. वर्षाला 720 ऑर्डरी, म्हणजे 72 हजार. त्यात तुमची मजुरी धरलेली नाही, सासूबाईंचीही नाही. तुम्ही दोघी वर्षभर राबून जे कमावता, त्यात त्या पॉलिसीचा एक हप्तासुद्धा भागत नाही.

आणि हप्ता येतो कधी? एप्रिलमध्ये. कोकम पिकतं तेव्हा, काजूबी बाजारात असते तेव्हा, आंबापोळीला ऊन असतं तेव्हा. वर्षभर विकायचा माल तुम्हाला ज्या दोन महिन्यांत घेऊन, करून, भरून ठेवायचा असतो, नेमकं त्याच वेळी हातातलं लाखभर विमा कंपनीकडे जातं. मग मेमध्ये बांगड्या बँकेत. पाच टक्के देणारी पॉलिसी चालू ठेवण्यासाठी तुम्ही 10-11 टक्क्यांनी कर्ज काढता आहात. तुमचा धंदा चार वर्षं साठ ऑर्डरींवर अडकला आहे, त्याचं कारण मला इथे दिसतं. रील कमी पडल्या म्हणून तो अडकलेला नाही.

मग पॉलिसीचं काय करायचं? तडकाफडकी मोडू नका. जुन्या नियमांच्या पॉलिसीत तीन हप्ते भरल्यावर सरेंडरची (मुदतीआधी मोडून पैसे परत घेण्याची) हमी भरलेल्या हप्त्यांच्या साधारण 35 टक्क्यांची, म्हणजे तीन लाखांचे लाखभर हातात येतील. उरलेलं बुडालं. याऐवजी पॉलिसी पेड-अप करता येते. पुढचे हप्ते थांबतात, भरलेल्या तीन हप्त्यांच्या प्रमाणात विमा आणि मुदतपूर्तीची रक्कम कमी होऊन पॉलिसी चालू राहते. दहातले तीन हप्ते भरलेत, तर पंधराव्या वर्षी चार-पाच लाखांच्या घरात काही मिळावं. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या, सरेंडरचाही आणि पेड-अपचाही. तोंडी काही ऐकू नका. दोन्ही पत्रं हातात आली की तुलना करा. माझ्या अंदाजाने पेड-अप बरं ठरेल. पुढचे सात हप्ते भरत राहिलात तर त्या सात लाखांवर मिळणारा परतावा साडेपाच-पावणेसहा टक्के आहे. एवढ्यासाठी सोनं गहाण टाकायचं नाही.

त्याच वेळी तक्रार करा. एफडी सांगून पॉलिसी दिली, असं विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, बँकेला प्रत द्या, विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर नोंदवा. प्रस्ताव अर्जाची प्रत मागून घ्या. त्यात तुमचं उत्पन्न किती दाखवलंय ते बघा, अशा अर्जांत ते हमखास फुगवलेलं असतं. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. तीन वर्षं उलटली आहेत, त्यामुळे पूर्ण पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. पण अर्ज करायला काही लागत नाही आणि तुमची बाजू खरी आहे.

पेड-अप करण्याआधी एक गोष्ट मात्र झालीच पाहिजे. आज मिस्टरांना काही झालं तर या पॉलिसीतून दहा लाख येतील, पेड-अप झाल्यावर तीन. रात्री-अपरात्री महामार्गावर टेम्पो चालवणाऱ्या, दोन लहान मुलांच्या बापाला दहासुद्धा अपुरे आहेत. त्यांच्या नावाने 50 लाखांचा टर्म इन्शुरन्स घ्या. तंबाखूचं व्यसन नसेल तर वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत बसावा. मुदतीअखेर काही परत मिळत नाही, आणि म्हणूनच तो स्वस्त आहे. 'पैसे परत' देणारा प्रकार कोणी पुढे केला तर नको म्हणा. कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल, त्यासाठी टेम्पोच्या धंद्याचं आयकर विवरणपत्र भरलेलं असावं. नसेल तर यंदापासून भरा. आणि बँकेत गेलात की वर्षाला 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना दोघांच्याही खात्यावर चालू आहे का, ते विचारा.

आता पॅकेज. जीएसटी धरून ते 2 लाख 12 हजारांना पडतं. ऑर्डरमागे शंभर रुपये सुटत असतील तर ते वसूल व्हायला 2,100 जादा ऑर्डरी लागतील. सहा महिन्यांत, म्हणजे महिन्याला साडेतीनशे, आजच्या साठांवर. समजा आल्या. द्यायला माल कुठे आहे? ही जवळजवळ तीन वर्षांची तुमची विक्री झाली. त्याला पावणेसात लाखांचा माल मेअखेर घरात भरलेला हवा. ऑगस्टमध्ये रील गाजली म्हणून ऑगस्टमध्ये कोकम मिळत नाही, आणि भर पावसात घातलेल्या आंबापोळीला बुरशी येते.

फॉलोअर्सची हमी कोणीही देऊ शकतं, कारण फॉलोअर्स विकत मिळतात. ते आगळ मागवत नाहीत. यूट्यूबच्या कमाईचं गाजर तर बाजूलाच ठेवा. जाहिरातीतला वाटा सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. त्यानंतर मिळणारी रक्कम सहा महिन्यांत दोन लाखांची फी फेडेल, ही आशा धरून कोणी बांगड्या ठेवू नयेत.

आणि वजन घटवायची ती रील तुमच्या पेजवर येऊ देऊ नका. अन्नपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. बाटलीवर नाव तुमचं, अन्न परवान्याचा 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक तुमचा. नोटीस तुम्हालाच येणार.

तुमची स्वतःची रील मी पाहिली. सासूबाई त्यात सांगतात, 'सोलकढीत मीठ घालू नकात, आगळात आधीच मीठ आसता.' त्या एका वाक्यासाठी लोक थांबले आहेत. पुण्यातल्या ज्या मुलीने आगळ घेऊन खारट कढी केली आणि बाटली मागे सारली, ती पुन्हा मागवत नाही. तिला वापर कळला तर दर दोन महिन्यांनी मागवेल. तुमचा पैसा त्या दुसऱ्या ऑर्डरीत आहे, कारण तिच्यासाठी जाहिरात करावी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये घरात जे जे होतं ते सगळं फोनवर चित्रित करून ठेवा: कोकमं फोडणं, पोळीचे थर, काजूबी भाजणं. हजार-दीड हजारांचा माइक आणि साधा ट्रायपॉड एवढं पुरे. पावसात नवीन काही करता येत नाही, तेव्हा आणि गणपती-दिवाळीच्या आधी एकेक सोडा.

चार वर्षांत ज्यांनी मागवलं, त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यावर कॅटलॉग करा. ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलात नंबर सेव्ह करायची विनंती असलेली चिठ्ठी टाका. मार्चमध्ये जुन्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ नोंदणी घ्या, निम्मे पैसे आधी. खरेदीचं भांडवल त्यातूनच थोडंफार उभं राहील. नव्या गिऱ्हाइकाला कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा. काही ऑर्डरी जातील, जाऊ देत.

जाहिरातीवर खर्च करायचाच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पाच हजार घाला, फक्त मुंबई-ठाणे-पुण्यात, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला कुठे पाहिलं ते विचारून वहीत लिहा. पाच हजारांत पन्नासहून कमी ऑर्डरी आल्या तर तो प्रयोग तोट्याचा. थांबवा.

गोव्याच्या ऑर्डरींबद्दल एक इशारा. जीएसटीची 40 लाखांची सूट करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याला लागू होत नाही, तिथे पहिल्या ऑर्डरीपासून नोंदणी लागते. तुमच्याकडून पणजी जवळ असली तरी पत्रादेवीची हद्द ओलांडली की राज्य बदलतं. नोंदणी करा किंवा तोवर महाराष्ट्रातच विका. यासाठी कुडाळ-सावंतवाडीतल्या एखाद्या कर सल्लागाराला दोन-तीन हजार द्या.

तेव्हा जमवलेल्या लाखाचं असं करा: बारा हजार टर्मला, सत्तर हजार कोकम-काजूच्या खरेदीला, दहा हजार माइक, जाहिरात आणि कर सल्लागाराला, उरलेले आठ अडीअडचणीला खात्यात. बांगड्या या मेमध्ये घरीच राहू देत.

शेवटी घाईचं काम. हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप वळता होत असणार. टर्म पॉलिसी हातात आली की एप्रिलच्या तारखेआधी बँकेत लेखी अर्ज देऊन ते ऑटो-डेबिट थांबवा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. टर्मला उशीर झाला तरी वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते आणि तेवढे दिवस जुना विमा चालू राहतो. साहेब समजवायला घरी आले, तर 'ही एफडी आहे असं आधी सांगितलं होतं, ते लिहून द्या' एवढंच म्हणा.