योगनिद्रा ऐकताना दरवेळी झोपच लागते. मग फायदा होतो का?

ऑपरेशननंतरचा थकवा जात नाही, रात्रीची झोप तुटक झालीये, म्हणून योगनिद्रेचं, म्हणजे पडल्यापडल्या सूचना ऐकत अंग सैल सोडण्याचं, रेकॉर्डिंग लावता आणि अर्ध्यातच घोरायला लागता, असं तुम्ही लिहिलंय. रात्री अंथरुणात ऐकत असाल तर खुशाल झोपा, सध्या शरीराला तीच हवी आहे. पण सराव म्हणून करायचा असेल तर दिवसाची वेगळी वेळ ठेवा. जेवणानंतर लगेच नको. जमिनीवर उठबस जमत असेल तर पलंगाऐवजी खाली चटई टाका. गुडघ्यांखाली उशी घेतली की कंबर सैल पडते. अंगावर पांघरूण हवंच, निश्चल पडल्यावर थोड्या वेळाने गार वाटायला लागतं.

सगळी गंमत आहे ती अवयवांवरून लक्ष फिरवण्यात. आज बहुतेक ठिकाणी जी पद्धत शिकवतात ती बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी तांत्रिक न्यासावरून बसवली. न्यासात एकेका अवयवाला स्पर्श करून तिथे मंत्राची स्थापना करतात. इथे फक्त लक्ष न्यायचं. सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून, मग तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, तळहात, मनगट, कोपर, खांदा, असं करत पायाच्या बोटांपर्यंत. नाव ऐकायचं, त्या जागी क्षणभर जायचं आणि लगेच पुढे. तिथे काही जाणवलंच पाहिजे असं नाही. माझं मन बरेचदा कोपराशी सुटतं आणि पोटरीशी परत सापडतं. मधलं राहिलं तर राहू दे, मागे जाऊन हजेरी पूर्ण करत बसायचं नाही. सूचना फार संथ असतील तर झोप हमखास लागते, म्हणून जरा भरभर नावं घेणारा आवाज शोधा.

पुढे जडपणा-हलकेपणा, गारवा-ऊब अशा उलट जाणिवांच्या जोड्या येतात. काही रेकॉर्डिंगमध्ये वेदना आठवायलाही सांगतात. टाके ताजे असताना तो भाग सरळ सोडून द्या. संकल्पाचंही, म्हणजे मनात धरायच्या निश्चयाचंही, फार मनावर घेऊ नका. एक छोटं वाक्य पुरे, आणि तेही सुचलं तर.

आता ‘हीलिंग’बद्दल. योगनिद्रेत डोपामाइन हे मेंदूतलं रसायन ६५ टक्क्यांनी वाढतं, हा आकडा तुम्हीही कुठेतरी वाचला असेल. तो २००२ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासातला आहे. त्यात माणसं होती ८, आणि तीही ध्यानात मुरलेली. त्यावरून जखम लवकर भरते असं म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या अनुभवात होतं ते एवढंच, की आवळून धरलेला जबडा आणि खांदे सुटतात, श्वास लांबतो आणि पुढचे काही तास चिडचिड कमी होते. आजारपणात हेही थोडं नाही. गोळ्या मात्र चालूच ठेवा, आणि थकवा वाढत असेल किंवा ताप येत असेल तर डॉक्टरांना गाठा.

डोळे मिटून पडलं की घाबरल्यासारखं होत असेल तर डोळे उघडे ठेवून करा, किंवा खुर्चीत बसून. संपल्यावर ताडकन उठू नका. आधी बोटं हलवा, मग ज्या बाजूला टाके नाहीत त्या कुशीवर वळा आणि हाताचा आधार घेऊन बसा, म्हणजे पोटावर ताण येत नाही.