चार्टर जेटमध्ये एकच ऑक्सिजन मास्क आपोआप खाली आला तर काय करायचं?

भाऊ, प्रश्न वाचला. तुमचा पुतण्या चार्टर जेटवर अटेंडंट आहे, सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून दिल्लीला निघाल्यावर वर गेल्यानंतर मधल्या सीटवरचं झाकण उघडून मास्क लोंबकळायला लागला, मालक म्हणाले "ढकल आत, टेप लाव", यानं तेच केलं आणि पायलटला उतरल्यावर सांगितलं. बरोबर केलं का, असं विचारलंय तुम्ही. नाही केलं. पोरगं नवीन आहे, त्याला रागावू नका, पण नीट समजावून सांगा. बिझनेस जेटच्या मेंटेनन्समध्ये माझी बरीच वर्षं गेली म्हणून जरा लांबण लावतोय.

मास्क खाली आला की आधी खरंच हवेचा दाब गेलाय असंच धरायचं. केबिनमधला दाब साधारण 14 हजार फुटांवर असतो तेवढा उतरला की मास्क आपोआप पडतात. एकच पडला, बाकीची झाकणं बंद, कानात दडे नाहीत, धुकं नाही, गारठा नाही, म्हणजे बहुतेक त्या झाकणाची खिट्टीच सैल. पण हे "बहुतेक" पोरानं मनाशी ठरवायचं नाही, लगेच इंटरफोन उचलून किंवा पुढं जाऊन कॅप्टनला विचारायचं, केबिन अल्टिट्यूड (आतला दाब किती उंचीवरच्या हवेइतका आहे तो आकडा) किती दाखवतंय? विचारायला वेळच नाही असं वाटलं तर जवळचा मास्क आधी स्वतःच्या तोंडाला. कारण 25 हजार फुटांवर माणूस तीन ते पाच मिनिटं भानावर राहतो, 35 हजारांवर अर्धा ते एक मिनिट, आणि 40 हजारांवर पंधरा-वीस सेकंद, आणि ही जेट 40 हजारांच्याही वर जातात हो.

आता समजा कॅप्टन म्हणाले दाब ठीक आहे. तरी मास्क ओढायचा नाही. त्या पिवळ्या कपाला एक बारीक दोरी असते, तिच्या टोकाला पिन, ती निघाली की ऑक्सिजन सुरू. बऱ्याच छोट्या जेटमध्ये पॅसेंजर आणि पायलट दोघांचा ऑक्सिजन एकाच बाटलीतून येतो, म्हणजे मागं मास्कमधून गळती लागली तर पुढं पायलटचाच साठा कमी होतो आणि मागं बसलेल्या कुणालाच ते कळत नाही. कॅप्टनला वेळेत कळलं तर तो बाटलीचा काटा बघतो, गरज पडली तर मागची लाइन बंद करून विमान खाली आणतो. काही विमानांत बाटलीऐवजी केमिकल जनरेटर असतो, तिथं पिन निघाली की तो प्रचंड तापतो आणि एकदा सुरू झाला की बंद करता येत नाही.

आणि एक, हात कोरडे पाहिजेत. शेंगाचटणी-भाकरी वाढता वाढता तेलकट हातानं मास्क धरायचा नाही, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आगीचा धोका. कुणी सिगारेट पेटवली असेल तर विझवायला सांगायची, मालक असले तरी.

त्या सीटवरच्या माणसाला चालू मास्क असलेल्या सीटवर हलवायचं आणि पट्टा बांधायला लावायचा. टेप मात्र अजिबात नाही! टेप लावलेलं झाकण खरी वेळ आली की उघडणारच नाही. झाकण परत बसवायचं का नाही ते त्या विमानाच्या मॅन्युअलप्रमाणे कॅप्टन सांगेल, तोवर ती सीट रिकामी.

2005 च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमध्ये हेलिओस या विमान कंपनीचं विमान पडलं, 121 माणसं गेली. मागं मास्क पडले होते आणि पुढं पायलट वॉर्निंगचा हॉर्न दुसऱ्याच कारणाचा समजून बसले होते. म्हणून मी मागून पुढं सांगण्याबद्दल एवढा कळकळीनं बोलतोय.

उतरल्यावर कॅप्टनकडून टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) नोंद करून घ्यायची: कोणती सीट, किती वाजता, कोणत्या उंचीवर, पिन निघाली होती का. नुसतं तोंडी सांगितलं तर इंजिनिअरला काही कळत नाही. मग एमईएल, म्हणजे काय बिघडलेलं असताना उडायला चालतं त्याची यादी, बघून ठरतं, ती सीट बंद ठेवून उडायचं का विमान उभं करायचं. पुतण्याची नोंद अजून झाली नसेल तर आजच कॅप्टनला फोन करायला सांगा, ते विमान उद्या परत कुणाला तरी घेऊन उडणार आहे आणि टेप अजून तिथंच असेल.