डायव्हर्सिटीच्या कोट्यातून यूकेच्या टीव्ही-रेडिओत नोकरी लागते का? निपाणीच्या मुलीला उत्तर

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की तू निपाणीची, केबलच्या न्यूज चॅनेलवर बातम्या वाचतेस, एडिटिंगपण करतेस, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आईनं जन्मभर विड्या वळल्या, आणि आता यूकेत मास्टर्स करून बीबीसीसारख्या पब्लिक ब्रॉडकास्टरमध्ये शिरायचं आहे. आणि कुणीतरी तुला सांगितलंय की तिकडं डायव्हर्सिटीचा कोटा असतो, ब्राऊन मुलगी, त्यात कान कमी, म्हणजे जागा पक्कीच. अक्का म्हणून विचारलंस म्हणून सरळ सांगते, कोटाबिटा काही नसतो. खरं त्या धोरणांचा तुला उपयोगच नाही असंपण नाही, आणि तो नेमका कुठं आहे हे आधी कळलं तर तुझं लाखभर रुपयांचं टेन्शन वाचेल.

मी बेळगावची, शहापूरची, आता कार्डिफला असते आणि ह्याच लाईनीत आहे. कुठं ते लिहीत नाही, पुढं थोडं कडूपण बोलणार आहे म्हणून.

आपल्या डोक्यात समानता म्हटलं की रोस्टर येतं, जातीचा दाखला, तहसीलदाराची सही, इतक्या जागा ह्यांना इतक्या त्यांना. इथला कायदा तसा चालतच नाही. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मध्ये नऊ गोष्टी धरल्यात, वय, अपंगत्व, लिंगबदल, लग्न, बाळंतपण, वंश, धर्म, स्त्री-पुरुष आणि लैंगिक कल, आणि ह्यातल्या कशावरूनही माणसाला मागं ढकलायचं नाही तसंच जागा राखूनपण द्यायची नाही. दोन उमेदवार अगदी तोडीस तोड निघाले तर ज्या गटाची माणसं तिथं कमी आहेत त्यातल्याला घेता येतं, तेपण कंपनीच्या मनात असलं तर. अपवाद आहे तो अपंगत्वाचा, अपंग माणसाला झुकतं माप दिलं म्हणून सुदृढ माणूस कोर्टात जाऊ शकत नाही. हे लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

मग बीबीसी आकडे कसले सांगते? तर ५० टक्के बायका, २० टक्के काळे-आशियाई आणि इतर अल्पसंख्य, १२ टक्के अपंग, आणि नंतर त्यात २५ टक्के कष्टकरी घरातून आलेले, हे त्यांचं टार्गेट आहे. एकूण स्टाफ असा दिसावा ही इच्छा, अमुक पोस्ट अमक्यासाठी असं नव्हे. आणि हे प्रेमानं आलेलं नाही बरं का. २००१ मध्ये त्यांचेच डायरेक्टर जनरल ग्रेग डाइक म्हणून गेले होते की ही संस्था भयंकर गोरी आहे, आणि बीबीसी ज्या पैशावर चालते ती लायसन्स फी तर टीव्ही बघणाऱ्या सगळ्यांनाच भरावी लागते, २०२५ च्या एप्रिलमध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली होती, तुझ्या गल्लीतला बर्मिंगहॅमला गेलेला कुणी असेल तर तोपण भरतोय, मग पैसे सगळ्यांचे आणि माईकसमोर एकाच रंगाचे लोक कसे चालतील. ऑफकॉम, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणारी संस्था, तीपण दरवर्षी चॅनेलवाल्यांकडून ह्याचा हिशोब मागते. त्यातलं मला मनापासून आवडलेलं एकच, २०१७ मध्ये बीबीसीच्या एका न्यूज प्रोग्रॅमच्या टीमनं स्वतःहून मोजायला सुरुवात केली की आज आपण किती बायका आणि किती पुरुष बोलायला घेतले. रोज बुलेटिन संपलं की आकडा लिहायचा, बस. पुढं ते फिफ्टी-फिफ्टी नावानं बऱ्याच देशांत गेलं. बाकी ट्रेनिंगमध्ये स्लाईड दाखवतात त्यानं काय फरक पडतो मला तरी दिसलेलं नाही, यूके सरकारनं २०२० च्या डिसेंबरात सिव्हिल सर्व्हिसमधलं अनकॉन्शस बायसचं, म्हणजे मनातल्या नकळत पूर्वग्रहांचं ट्रेनिंग बंद करायचं जाहीरच केलं.

आता खरी अडचण. डायव्हर्सिटीच्या दाराच्या आधी व्हिसाचं दार आहे आणि तिथं हे काही चालत नाही. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला जुलै २०२५ पासून साधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे, नुकतं शिकून बाहेर पडलेल्यांना ३३,४०० पर्यंत सूट मिळू शकते, आणि टीव्ही-रेडिओतल्या सुरुवातीच्या पोस्टी बऱ्याचदा त्याच्याही खाली असतात. आणि ह्या व्हिसाला कंपनीनं तुला स्पॉन्सर करावं लागतं, म्हणजे सरकारकडं तुझी जबाबदारी घ्यावी लागते, ती घे म्हणून कायदा कुणावर सक्ती करत नाही. शिवाय ही लाईन फ्रीलान्सवर चालते, चार महिने ह्या प्रोग्रॅमवर, दोन महिने त्या, आणि स्किल्ड वर्करवर असं भटकता येत नाही, स्टुडंट व्हिसावर तर सेल्फ-एम्प्लॉयमेंटच बंद, नोकरी करायची ती पण टर्ममध्ये आठवड्याला २० तासच. मधला एक पट्टा मोकळा मिळतो तो ग्रॅज्युएट व्हिसाचा, मास्टर्सनंतर दोन वर्षं, खरं १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर अर्ज केलास तर दीडच वर्ष. त्यात फ्रीलान्स चालतं. तर तुझा सगळा खेळ त्या दीड वर्षात कोण ओळखीचं होतं ह्याच्यावर आहे. कोर्स निवडतानाच बघ की त्यांचं प्लेसमेंट, म्हणजे शिकतानाच करायचं प्रत्यक्ष काम, खऱ्या न्यूजरूममध्ये आहे की कॉलेजच्याच स्टुडिओत.

बरं, अर्ज. पहिलं म्हणजे सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय का, धर्म, जात हे सगळं काढ. आपल्याकडं बायोडाटा म्हणजे अर्धी सोयरीक असते, इथं ते बघून एचआरवालेच घाबरतात. अर्जासोबत एक वेगळा फॉर्म येतो मॉनिटरिंगचा, वंश काय, अपंगत्व आहे का वगैरे. तो मुलाखत घेणाऱ्यांकडं जात नाही, तो मोजदादीसाठी आहे, आणि भरला नाही तरी चालतं. माझं म्हणणं, भर. त्यात एक प्रश्न तुला गमतीशीर वाटेल, तू १४ वर्षांची असताना घरात मुख्य कमावणारं माणूस काय काम करायचं. इथले लोक क्लास असाच मोजतात. तू लिहिलंयस की वडील वखारीत हमाली करायचे आणि आई विड्या वळायची, तर तेच लिही, तंबाखूच्या वखारीत हमाल, विडी कामगार, त्यात बिझनेसबिझनेस घालून सजवू नकोस. आपल्या भागातल्या कितीतरी पोरी हे लपवतात आणि इथं नेमकं तेच विचारतात. खरं त्यानं मार्क वाढतील अशी आशा धरू नको, तिथं फक्त मोजतात.

कानाचं मात्र वेगळं आहे आणि तिथं लपवणं तोट्याचं. नोकरीची ऑफर यायच्या आधी कंपनीला तब्येतीचे प्रश्न विचारता येत नाहीत, मुलाखतीला काही सोय लागते का एवढंच विचारतात. ह्यालाच रिझनेबल ॲडजस्टमेंट म्हणतात. तू सांगायचं, मला शांत खोली द्या आणि पॅनेल माझ्या उजव्या बाजूला बसवा, ऑनलाईन असेल तर कॅप्शन सुरू ठेवा. नोकरीत आल्यावर एका कानाचा हेडसेट, गॅलरीत, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये बसायची ठराविक जागा, टॉकबॅकचा, म्हणजे हेडसेटमधून येणाऱ्या सूचनांचा आवाज वेगळा करून देणं, हे सगळं मागता येतं आणि त्याचा खर्च तुझ्या पगारातून कापता येत नाही. कायद्याची व्याख्या अशी की रोजच्या साध्या कामांवर ठळक परिणाम हवा आणि तो बारा महिने किंवा जास्त टिकणारा हवा, आणि मशीन लावून नीट ऐकू येतं म्हणून अपंगत्व नाही असं म्हणता येत नाही, मशीन काढून कसं ऐकू येतं तेच धरतात. काही जाहिरातींवर डिसॅबिलिटी कॉन्फिडंटचं चिन्ह असतं, तिथं किमान अटीत बसणाऱ्या अपंग उमेदवाराला मुलाखतीला बोलवायचं असं ते लोक मान्य करून बसलेले असतात. मुलाखत, नोकरी नव्हे. वर अपवाद म्हटलं तो हाच. तर निघायच्या आधी ऑडिओग्राम काढून इंग्लिश रिपोर्ट घे, तुझ्याकडचं यूडीआयडी, म्हणजे आपल्या सरकारचं अपंगत्वाचं कार्ड इथं कुणाला ठाऊक नाही.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, तसेच गुण, समोर कागद घेऊन बसतात. एखादी वेळ सांगा जेव्हा तुम्ही अमुक केलंत, असं विचारतात आणि त्यांना हवं असतं प्रसंग काय, तुझं काम काय, तू काय केलंस, पुढं काय झालं. आपली पोरं इथंच मार खातात कारण आपण सगळं आम्ही-आम्ही करून सांगतो, आम्ही पुराची बातमी केली, आम्ही लाईव्ह केलं. पॅनेलवाला मनात म्हणतो अगं तू काय केलंस. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी चढलेलं असताना लाईट गेल्यावर तू बुलेटिन कसं चालू ठेवलंस ते सांग, मी-मी करून सांग, इथं त्याला गर्व म्हणत नाहीत.

जातीचं विचारलंयस, आडनावावरून काही होतं का. गोऱ्यांना आडनाव कळत नाही. आपल्यांनाच कळतं, आणि मीडियात आपले लोक बरेच आहेत. कायद्यात जात वंशाखाली घालायची असं २०१३ ला पार्लमेंटनं ठरवलं होतं, खरं २०१८ ला सरकारनं हात झटकले आणि कोर्टाच्या निकालांवर सोडून दिलं. २०१४ मध्ये नोकरीच्या खटल्यांच्या अपील ट्रायब्युनलनं म्हटलंय की जात ही वांशिक उगमाच्या खाली येऊ शकते, त्यामुळं रस्ता अगदीच बंद नाही. मॉनिटरिंगच्या फॉर्मात मात्र जातीला खाना नाही, सगळे एकाच इंडियन खान्यात, मग तो पुण्याच्या कॉन्व्हेंटचा असो की तुझ्यासारखी, आणि आकडा वाढला म्हणून टाळ्या वाजतात. मला हे खटकतं.

पगाराचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. २०१७ च्या जुलैत बीबीसीला दीड लाख पौंडाच्या वरच्या लोकांची यादी छापावी लागली, त्यात दोन तृतीयांशच्या आसपास पुरुष निघाले. जानेवारी २०१८ ला त्यांच्या चीन एडिटर कॅरी ग्रेसी यांनी त्यावरून पद सोडलं, आणि जानेवारी २०२० ला बीबीसीच्याच अँकर समीरा अहमद ट्रायब्युनलमध्ये जिंकल्या, त्यांना एका एपिसोडचे ४४० पौंड आणि तशाच कामाला पुरुष अँकरला ३,००० होते. समान वेतनाचा कायदा १९७० चा, म्हणजे पन्नास वर्षं कायदा होता आणि तरी बाईला कागद घेऊन जावं लागलं. इथली समानता अशी चालते, जो लेखी मागतो त्याला मिळते, न मागणाऱ्याच्या नावानं रिपोर्ट छापतात. मी आधी जिथं होते, नाव नको, तिथं नाईट शिफ्ट फिरून फिरून आम्हा व्हिसावाल्यांच्याच वाट्याला यायची, तोंडी विचारलं की हसायचे. युनियनच्या बाईनं सांगितलं ईमेल कर, सहा महिन्यांचा रोटा, म्हणजे शिफ्टचा तक्ता जोड, कारण विचार. पुढच्या महिन्यापासून रोटा सरळ. आणि हो, भेदभाव होतोय का बघायला सहकाऱ्याला पगार विचारलास तर कॉन्ट्रॅक्टमधलं गुप्ततेचं कलम तुला आडवं येऊ शकत नाही, हेपण त्याच २०१० च्या कायद्यात आहे. युनियनमध्ये पहिल्या आठवड्यात नाव घाल. स्टाफ नेटवर्क वगैरे असतात, दिवाळीला समोसे असतात, जा, खरं बढती तिथं ठरत नाही.

ह्यात आपण बेळगाववाले इतरांपेक्षा बरे असं मला वाटतं. लहानपणापासून बघितलंय, पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्य असले की परिपत्रक मराठीतून द्या, राज्यघटनेतलं भाषिक अल्पसंख्याकांच्या अधिकाऱ्याचं कलम ३५० ब वाचून दाखव, अर्जावर पोच घे, नाही दिलं तर परत अर्ज. आमच्या गल्लीतले काका आयुष्यभर तेच करत आले. मुंबईच्या मुलामुलींना हे जमत नाही, त्यांना वाटतं वाईट दिसेल.

भाषेचं तुझं शेवटचं. मराठी-कन्नड-हिंदी तिन्ही येतात ह्याला डायव्हर्सिटीत वजन आहे का? भाषा त्या नऊ गोष्टींत नाही. ॲक्सेंटवरून टिंगल झाली तर ती वंशाखाली येऊ शकते, तेवढंच. पण वेल्समध्ये आलीस तर तुला काहीतरी ओळखीचं दिसेल, रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत, आणि मीडियातल्या जाहिरातीत लिहिलेलं असतं वेल्श आवश्यक किंवा वेल्श आली तर बरं. हे फुकट मिळालेलं नाही. वेल्श चॅनेलचा शब्द देऊन थॅचरबाईंचं सरकार फिरलं तेव्हा १९८० मध्ये ग्विनफोर इव्हान्स ह्या नेत्यानं आमरण उपोषणाची धमकी दिली, सरकार नमलं आणि एसफोरसी हे वेल्श चॅनेल सुरू झालं. तारीख बघ, १ नोव्हेंबर १९८२. आपल्याकडं त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव, म्हणून मराठी लोकांचे काळे झेंडे आणि मूक सायकल फेरी, इकडं त्या दिवशी चॅनेलचा वाढदिवस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. वेल्श शिकायचे सुरुवातीचे क्लास स्वस्त असतात, दोन भाषांत वाढलेल्याला तिसरी-चौथी जड जात नाही, आणि इथं मुलाखतीत चार वाक्यं वेल्श बोललीस तर समोरचा माणूस सरळ होऊन बसतो.

आणि मराठीतच बातम्या करायच्या असतील तर त्यासाठी विलायतेला यायची गरज नाही. बीबीसी मराठी २०१७ ला सुरू झालं ते दिल्लीतून, आणि २०२४ च्या एप्रिलपासून त्यांच्या भारतातल्या भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी करते. तिथं आधी अर्ज टाकून बघ, तो अनुभव इथंपण मोजतात.

लोनसाठी घराचे कागद बँकेत ठेवायच्या आधी एक काम कर. यूके सरकारच्या साईटवर स्पॉन्सर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी सगळ्यांना बघायला खुली आहे, तुला आवडलेल्या दहा-बारा प्रॉडक्शन कंपन्या आणि चॅनेलांची नावं त्यात शोध. जी सापडतील ती मला पाठव, कोण खरंच माणसं घेतं आणि कोण नुसतं लायसन्स ठेवून बसलंय ते मी इथं चौकशी करून सांगते.