समुद्रावर बसायला गेलो, तर समुद्रच जागेवर नव्हता

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ५७ वर्षांची, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. आठवीपासूनची एक मैत्रीण आहे. आम्हाला दोघींना एखाद्या खऱ्या बेटावर जाऊन समुद्राकाठी चार दिवस नुसतं पडून राहायचंय. अंदमान ठरवलं. ट्रॅव्हलवाल्याने पाच रात्रींचा कागद हातात दिला : पोर्ट ब्लेअर दोन, हॅवलॉक दोन, नील एक, आणि एकूण अकरा ‘पॉइंट’. मुलगा म्हणतो, दोघीच कशाला, ग्रुपबरोबर जा. यजमान म्हणतात, सेल्युलर न बघता आलात तर नाशिकचं नाव सांगू नका. मला पोहता येत नाही. ती घोरते. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तो कागद आधी समोर घ्या आणि अकरापैकी नऊ पॉइंट खोडा. राहिलेल्या दोनांत एक सेल्युलर जेल आणि दुसरा राधानगरचा किनारा. बाकीचं तिथं गेल्यावर वाटलं तर बघा.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. बँकेत काउंटरवर ३१ वर्षं काढून निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी आणि माझी मैत्रीण (तिचं नाव इथे छापलेलं तिला आवडणार नाही, म्हणून सिडकोवाली म्हणते) याच बेटावर गेलो. आमच्याही हातात असाच कागद होता. पाच रात्री आणि तीन मुक्काम म्हणजे एक दिवसाआड बॅग भरायची, जेट्टीवर रांग लावायची, आधारकार्ड दाखवायचं, दुपारी नव्या खोलीत गरम पाण्याचा नळ डावीकडचा की उजवीकडचा ते शोधायचं. पडून राहायला वेळ कधी? ही गोष्ट आमच्या लक्षात आली ती निघायच्या आठ दिवस आधी, मेनरोडला टोप्या घेताना. तिथूनच ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला आणि नील रद्द केलं. तो म्हणाला, “मॅडम, नील सोडलं तर अंदमान अर्धंच बघितलं म्हणायचं.” मी म्हटलं, अर्धंच दाखवा.

तुम्ही सहा रात्री काढा. पहिली पोर्ट ब्लेअरला, मधल्या चार हॅवलॉकला, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. शेवटची रात्र चैन म्हणून नाही. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि बेटावर अडकलेल्या माणसासाठी विमान थांबत नाही. नावांनी गोंधळू नका. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी मात्र जुनी नावं आहेत, आणि तिकिटावर दोन्हीपैकी कुठलंही असू शकतं.

कधी जायचं, तर डिसेंबरच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. अंदमानला पाऊस दोनदा गाठतो. मेपासून आपला नैऋत्य मोसमी, आणि तो सरतो न सरतो तोच ईशान्येकडचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दिवाळीची सुट्टी स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका.

ओझरहून थेट विमान नाही. मुंबई गाठा, तिथून चेन्नई किंवा कोलकाता, पुढे पोर्ट ब्लेअर. पहाटेच्या विमानासाठी रात्री कसारा उतरत बसू नका. नाशिककराचं एक तरी घर ठाणे-डोंबिवलीत असतंच, आदल्या दिवशी तिथं जाऊन पडा.

यजमानांचं मात्र मी ऐकीन. सावरकरांचं भगूर आपल्यापासून किती लांब? ते १९११ मध्ये त्या तुरुंगात गेले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तिथे होते. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ती इमारत बांधत होते. सात भुजा होत्या, आज तीन उभ्या आहेत. एका भुजेतल्या कोठडीच्या दारातून समोरच्या भुजेची नुसती पाठ दिसावी, माणूस माणसाला दिसू नये, अशी ती रचना. आपण लहानपणापासून भाषणांतून ऐकलेलं असतं, पण कोठडीत उभं राहून वरच्या झरोक्याकडे मान करावी लागते तेव्हा गप्प व्हायला होतं. सिडकोवाली एरवी रिक्षावाल्याशीही पंधरा मिनिटं बोलते. बाहेर पडल्यावर नारळपाण्याचे पैसे देईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. हे पहिल्या दिवशीच करा. बेटावरून परतताना केलंत तर अंगात वाळू आणि डोक्यात झोप असते, ते बरं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट. खासगी बोटीने दीड-दोन तास, सरकारीने थोडे जास्त. तिकीट आधी काढा, मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, मळमळू लागल्यावर घेऊन काय उपयोग? मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा, तिथे डोलणं कमी लागतं. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. आमच्या रांगेतल्या सगळ्यांना वाटल्या, बंगाली आजी होत्या त्यांनी दोनदा मागून घेतल्या. शाल घ्या, आत एसीने दात वाजतात.

हॅवलॉकला उतरल्यावर तुम्हाला एक गंमत वाटेल. तिथेही आपल्या नाशिकसारखं गोविंदनगर आहे! विजयनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगरही आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं, त्यांची ही गावं. सिडकोवाली पाटी वाचून म्हणाली, “एवढे पैसे खर्च करून गोविंदनगरलाच आलो होय गं?” तुम्ही तर इंदिरानगरच्या, तुमच्या शेजारचंच.

किनाऱ्यांना तिथे नंबर आहेत. हॉटेलं बहुतेक तीन आणि पाच नंबरला, पूर्वेच्या बाजूला. सात नंबर म्हणजे राधानगर, पश्चिमेला. ‘टाइम’ने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं तो हाच. आता शीर्षकातली गोष्ट. आम्ही पाच नंबरला पोचलो तेव्हा खोलीपासून चाळीस पावलांवर पाणी, हिरवं-निळं, काचेसारखं. म्हटलं, जेवून घेऊ आणि मग पाण्यात बसू. जेवलो, पंचे घेतले, गेलो, तर समुद्र गेलेला. लांब, अगदी लांब. मध्ये नुसते खडक, मेलेलं पोवळं, डबक्यांत खेकडे. सिडकोवाली दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. तिथला पोरगा हसत म्हणाला, ‘लो टाइड’ है मॅडम.

आपण गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठची माणसं. आपलं पाणी पुरात वर चढतं आणि उन्हाळ्यात खाली जातं, दिवसातून दोनदा येत-जात नाही. म्हणून बेटावर एकच वेळापत्रक पाळा, भरती-ओहोटीचं. हॉटेलात लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. ते रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती सगळ्यात मोठी आणि ओहोटीही सगळ्यात खोल. पंचांग बघणाऱ्या बाईला हे अवघड नाही. पूर्वेच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी पाण्यात बसा, आणि रबरी सँडल काढू नका, पोवळ्याने पाय कापला तर जखम लवकर भरत नाही. राधानगरला खाली मऊ वाळू आहे, तिथे केव्हाही उतरता येतं. पोहता येत नाही ना? मग कमरेच्या वर पाणी नको, जीवरक्षक दिसेल अशा ठिकाणी, आणि अंधार पडायच्या आत बाहेर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तशा पाट्या लावलेल्या असतात. खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या बाजूला जाऊ नका. पाटी वाचून हसणारे पर्यटक मी पाहिलेत, त्यांच्यात सामील होऊ नका.

आणि अंधार लवकर पडतो हो! घड्याळ आपलंच, पण बेट आपल्यापासून एवढं पूर्वेला की फेब्रुवारीत नाशिकला साडेसहाला मावळणारा सूर्य तिथे साडेपाचला बुडतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमाराला. चहा पिऊन राधानगरला जाऊ म्हणाल तर काळोखच बघाल. चारलाच तिथे पोचा. उलट सकाळी सहाच्या आत उजाडतं, आणि पाच नंबरला सूर्य समोर पाण्यातून वर येतो.

यावरून आमची संकष्टी सांगते. चौथ्या दिवशी संकष्टी आली. सिडकोवालीने घरून कॅलेंडरचं पान फाडून आणलेलं, त्यात चंद्रोदय नऊच्या पुढे. हॉटेलात भगर कुठली मिळायला, दिवसभर केळी आणि शहाळं. आठच्या सुमाराला आम्ही वाळूत बसलेलो, आणि समोर पाण्यावर तांबूस काहीतरी वर आलं. मला वाटलं बोट. चंद्र होता, चांगला तासभर आधी! ही म्हणते, “नाशिकचा अजून उगवला नाही, मी कशी सोडू?” मी म्हटलं, बाई गं, तू उभी कुठे आहेस, तिथला चंद्र धर. तिने मुलीला फोन लावला, मुलीने भटजींना. भटजी म्हणाले, जिथे असाल तिथला. मग अर्घ्य दिलं ते थेट समुद्रातच, आणि गरम वरण-भातावर तुटून पडलो. शाकाहारी असाल तर काळजी नको, वरण, भात, बटाटा, पोळी सगळीकडे मिळतं. खाणाऱ्यांची तर चंगळच आहे.

आता मैत्रिणीचं. घोरण्यावर कापसाचे बोळे. विनोद नाही, दोन जोड न्या, एक हरवतो. पण घोरणं हा खरा प्रश्नच नाही. आठवीपासूनची मैत्री आपण तास-दोन तासांच्या तुकड्यांत केलेली असते, चोवीस तास सलग कधी केलेलीच नसते. आमचं तिसऱ्या दिवशी वाजलं. तिला एलिफंट बीचला जाऊन पाण्याखालचे मासे बघायचे होते, मला झाडाखाली लवंडायचं होतं. मी मन मारून गेले आणि तिथे तोंड पाडून बसले. ती म्हणाली, “यायचं नव्हतं तर सांगायचं.” तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. दुपारचं जेवण मुकाट्याने झालं. संध्याकाळी तिने माझ्यासमोर काकडी-मीठ ठेवलं, आणि आम्ही ठरवलं की सकाळ जिची तिची, चारनंतर दोघींची. पुढच्या सकाळी ती बोटीत, मी सी-महुआच्या झाडाखाली. अकराला परत येऊन तिने मला माशांचे रंग सांगितले. सोबत गेले असते तर एवढं नीट ऐकलं नसतं. तुम्ही दोघी हे निघायच्या आधीच बोलून घ्या, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बोललात तरी चालेल.

मुलाला सांगा, दोघी बायका म्हणून आम्हाला तिथे कुठे अडचण आली नाही. स्कूटर भाड्याने मिळते. सिडकोवाली चालवत होती, मी मागे बसून रस्ता चुकवत होते.

प्रश्न : ताई, मी आणि माझा जुना मित्र जानेवारीत जातोय. तो रुपया-रुपयाचा हिशेब ठेवतो, मी अजिबात नाही. भांडण होईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : होईल, आणि ते चहाच्या बिलावरून होईल, हॉटेलच्या नाही. विमान, बोट, हॉटेल घरूनच निम्मं-निम्मं भरून टाका. तिथे एक वेगळं पाकीट ठेवा, दोघांनी सारखे पैसे टाका, संपले की पुन्हा सारखे टाका, आणि ते पाकीट त्याच्याकडे द्या. हिशेबी माणसाला खजिनदार केलं की तो सुखी होतो. पैसे रोख न्या. हॅवलॉकला एटीएम मोजकीच आहेत, आणि ती कधी रिकामी असतील सांगता येत नाही.

प्रश्न : काकू, मीही मित्राबरोबर अंदमानला जातोय. तिथे नेट चालतं का? मला ऑफिसचं कामही करायचंय.
– कॉलेजरोड

उत्तर : चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हापासून पूर्वीपेक्षा बरंच बरं आहे. हॅवलॉकला मधूनच जातं. तू मात्र कामासाठी घरीच थांब, आणि मित्राला एकट्याला जाऊ दे. तो तरी पडून राहील.

प्रश्न : आठवण म्हणून शंख-शिंपले, पोवळ्याचा तुकडा आणला तर चालतो का?
– सिन्नर

उत्तर : नाही. किनाऱ्यावर मेलेलं पडलेलं असलं तरी पोवळं उचलायचं नाही, वन्यजीव कायद्याखाली ते येतं आणि विमानतळावर बॅग तपासतात. आमच्या पुढच्या बाईंची पिशवी काउंटरवर उलटी केली होती. शंखही वेचू नका, रिकाम्या शंखात खेकडा घर करतो. वाळू वेगळी आणायची गरजच नाही. सिडकोवालीच्या सँडलमधून ती अजून निघते.